कोलोनमध्ये तुमचं नाव

फ्रँकफुर्ट
५ मार्च २००१

प्रिय बाबा,

सविनय जयभीम.

फोन सोडून पत्र कशाला, असं आई म्हणेल. तिला सांगा, फोनचं कार्ड संपलं. खरं म्हणजे आमच्या इमारतीतला फोन जिन्यात आहे आणि जिन्याला लागूनच अनिरुद्धची खोली. त्यामुळे इथून मी जे बोलतो ते नेहमी अर्धंच असतं, हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असणार. तुम्ही तिकडून जयभीम म्हणता आणि मी इकडून 'बरं, बरं, ठेवतो' म्हणून ठेवून देतो. इथं आल्यापासून एकदाही तुम्ही त्याबद्दल विचारलं नाहीत. तुमचा हा न विचारण्याचा स्वभाव लहानपणी मला फार सोयीचा वाटायचा. आता त्याचीच भीती वाटते.

तब्येत बरी आहे. थंडी ओसरायला लागलीय. बँकेचं काम जूनपर्यंत चालेल असं दिसतं. तांदूळ आणि तुरीची डाळ एका तुर्की माणसाच्या दुकानात मिळते, त्यामुळे आईनं काळजी करू नये. तिनं दिलेली सुक्या बोंबलाची चटणी मात्र मी अजून उघडलेली नाही. दीपालीला वास चालणार नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. दीपालीला मी कधी विचारलेलंही नाही.

दीपाली आणि अनिरुद्ध, दोघंही माझ्याच कंपनीतले. दीपाली कोथरूडलाच, आपल्या सोसायटीपासून दोन चौक पुढे राहते. अनिरुद्ध सदाशिव पेठेतला. आम्ही तिघं एकाच विमानानं आलो आणि एकाच इमारतीत राहतो. बाबा, पुढचं वाचून तुम्हाला अनिरुद्धचा राग येईल, म्हणून आधीच सांगतो, तो वाईट मुलगा नाही. डिसेंबरात मी तापानं पडलो होतो तेव्हा रोज मऊ भात करून माझ्या उशाशी बसायचा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये तो मला म्हणाला होता, 'भालेराव म्हणजे आमच्यातलेच की!' मी हसलो. अशा वेळी हसलं की त्याचा अर्थ 'हो' असा होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

तर गेल्या आठवड्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघं कोलोन नावाच्या शहरात कार्निव्हल बघायला गेलो. इथं उपासाचे दिवस सुरू होण्याआधी आठवडाभर माणसं वेड्यासारखी नाचतात, सोंगं घेतात, रस्त्यातून मिरवणुका निघतात. आपला शिमगा आणि गणपतीची विसर्जन मिरवणूक एकत्र केली तर जे होईल ते. सोंग घेतल्याशिवाय जाण्यात मजा नाही, असं ऑफिसातल्यांनी सांगितलं होतं. अनिरुद्धनं लाल चादरीची पगडी बांधली, गळ्यात दीपालीच्या मोत्यांच्या माळा घातल्या आणि पेशवा झाला. दीपाली नऊवारी नेसली, आत दोन दोन लोकरी पायजमे घालून. मला त्यांनी छत्री दिली. पेशव्यांवर छत्र धरणारा सेवक! दीपालीनं काजळानं मला या गालापासून त्या गालापर्यंत मिशा काढल्या. दर एक जानेवारीला तुम्ही मला खांद्यावर बसवून भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी न्यायचात. आरशात बघताना ते मला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मी छत्री घेऊन खाली उतरलो.

प्रवास म्हणजे नुसता गोंधळ. स्वस्तातलं तिकीट काढलं होतं, ते साध्या गाड्यांनाच चालतं. तीनदा गाडी बदलली आणि एकदा चुकीच्या गाडीत बसून एका खेडेगावात जाऊन परत आलो. कोलोनला उतरल्या उतरल्या अनिरुद्ध स्टेशनच्या पायऱ्यांवर उभा राहून 'हेलाऊ!' म्हणून ओरडला. आमच्या घरमालकिणीनं त्याला शिकवलं होतं की कार्निव्हलला असंच ओरडतात. ती दुसऱ्या गावची. कोलोनमध्ये तो शब्द म्हणजे दुसऱ्या गावचा झेंडा आणून रोवण्यासारखं असतं. इथं 'आलाफ' म्हणायचं, म्हणजे साधारण आपल्याकडच्या 'चिरायू होवो' सारखं. एका जाड्या जोकरानं पेशव्यांच्या पगडीवर अर्धा ग्लास बिअर ओतली आणि त्यांना मिठीही मारली. मग मुक्कामासाठी ठरवलेल्या वसतिगृहात गेलो तर आमची खोली मार्चच्या तारखेची निघाली. अनिरुद्धनं महिनाच चुकीचा कळवला होता. दीपाली त्याला म्हणाली, 'राज्य बुडालं ते उगीच नाही.' रात्र स्टेशनच्या बाकांवर काढली. इतकं हसलो होतो बाबा, की थंडी वाजत असल्याचंही कळलं नाही. हे एवढ्यासाठी लिहितो की तोपर्यंत मी खरोखर मजेत होतो. कोणी माझ्यावर काही लादत नव्हतं.

रविवारी सकाळी गल्ल्यागल्ल्यांतल्या मिरवणुका निघाल्या. गाड्यांवरून माणसं चॉकलेटं आणि गोळ्या उधळतात. बाकीचे लोक छत्र्या उलट्या धरून झेलत होते, आमच्या दीपालीनं पदर पसरला. जर्मन लोकांना ते इतकं आवडलं की प्रत्येक गाडी तिच्यापुढे थांबून ओंजळी रिकाम्या करायची. दुपारी ऊब मिळावी म्हणून एका मोठ्या बिअरच्या हॉलमध्ये शिरलो. दोन-तीनशे माणसं, लांब लांब बाकं, ढोल, धूर. आत इतकं उकडत होतं की दोघं पुढे जागा शोधत असताना मी जॅकेट काढून भिंतीवरच्या खुंटीला लावलं. तुम्ही लष्कर भागातल्या बाजारातून आणलेलं, ते निळं. पासपोर्ट आतल्या खिशात होता. तुम्हीच सांगितलं होतं, अंगापासून दूर ठेवू नकोस.

थोड्या वेळानं ढोल थांबला. मोराच्या पिसांची टोपी घातलेला एक माणूस टेबलावर चढला. त्याच्या एका हातात माइक होता आणि दुसऱ्या हातात माझं जॅकेट, अस्तर बाहेर आलेलं. खुंटीवरून पडून ते कोणाच्या तरी पायाखाली आलं होतं. त्यानं खिशातून पासपोर्ट काढला आणि मालकाचं नाव वाचायला लागला. 'विश्वजीत' त्याला काही केल्या जमेना. 'फिश... फिश्वा...' लोक हसायला लागले. त्यानं हात टेकले, पुढचा शब्द बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. 'काख्रू!' म्हणाला. तो त्याला जमला.

दीपाली म्हणाली, 'कोणी तुर्की असेल.' तेवढ्यात अनिरुद्धला पासपोर्टचा रंग दिसला. 'अगं, आपला पासपोर्ट आहे! कचरू म्हणतोय तो, कचरू!' त्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. मग माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, 'कचरू इथपर्यंत पोचला म्हणजे कमाल आहे हां!'

मी हसलो, बाबा. त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. म्हणालो, 'असेल कोणी.'

टेबलावरच्या माणसानं हात वर केला आणि ओरडला, 'काख्रू!' सगळा हॉल उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'आलाफ!' तिथं ते तीन वेळा म्हणायची पद्धत आहे. त्यांचं हसणं चेष्टेचं नव्हतं. कोणाचं जॅकेट सापडलं याचाच त्यांना आनंद होता. तुमच्या नावानं दोन-तीनशे माणसं हात उंचावून ओरडत होती आणि त्या नावाला 'ओ' देऊ शकणारा एकटा माणूस ग्लासात तोंड घालून बसला होता.

तेवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी तुम्हाला हे कळवलंही नसतं. नंतर ढोल पुन्हा सुरू झाला, लोकांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग केली आणि अनिरुद्ध-दीपाली तिच्यात ओढले गेले. मी बाकावर एकटाच होतो. तो पिसांच्या टोपीवाला टेबलाटेबलांवरून फिरत माझ्यापाशी आला. त्यानं पासपोर्ट उघडून फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. फोटो कॉलेजातला, आणि माझ्या तोंडावर काजळाच्या मिशा. त्याला खात्री होईना. 'काख्रू?' असं त्यानं हळूच, अगदी मऊ आवाजात विचारलं. आजूबाजूला आमचं कोणी नव्हतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी 'नाइन' म्हणालो. नाही. तो माफी मागून पुढे गेला.

पासपोर्ट हरवला तर कंपनी पहिल्या विमानानं परत पाठवेल, हे मला माहीत होतं. तरीही मी तसाच बाहेर पडलो. मित्रांना सांगितलं की जॅकेट मिरवणुकीत कुठंतरी राहिलं, पासपोर्ट खोलीवर आहे. अनिरुद्धनं स्वतःचा स्वेटर काढून मला दिला आणि परतीच्या गाडीत स्वतः पगडीची चादर पांघरून कुडकुडत बसला. त्या स्वेटरात मला जितकी लाज वाटली तितकी त्या हॉलमध्येही वाटली नव्हती.

त्या रात्री मला शाळा आठवत राहिली. हजेरीला मास्तर 'भालेराव विश्वजीत कचरू' म्हणायचे आणि वर्ग खिदळायचा. कोणीतरी माझ्या दप्तरात पेन्सिलीची सालं टाकायचं. सातवीच्या पालकसभेला मी तुम्हाला मुद्दाम एक तास उशिराची वेळ सांगितली होती. तुम्ही पोस्टातून अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आलात तेव्हा शिपाई वर्ग झाडत होता. तुम्ही म्हणालात, 'माझंच घड्याळ मागे असेल.' तुमचं घड्याळ कधीच मागे नव्हतं. त्याच पोस्टात तुमच्या टेबलावर तुमच्या नावाची पाटी होती, पूर्ण नावाची. लोक वाचून ओठ दाबायचे आणि तुम्ही मान वर न करता त्यांची मनीऑर्डर घ्यायचात. मी मात्र कोथरूडच्या दारावर 'व्ही. के. भालेराव' अशी पाटी लावून घेतली. तुम्ही ती बघून एवढंच म्हणालात, 'छान आहे. पोस्टमनची पंचाईत होणार.'

सोमवारी ऑफिसला ताप आल्याचं कळवून मी एकटाच पुन्हा कोलोनला गेलो. तो त्यांच्या सर्वांत मोठ्या मिरवणुकीचा दिवस. रेटारेटीतून त्या हॉलपर्यंत पोचायला दुपार झाली. बिअर देणारी एक धिप्पाड बाई होती, मधमाशीचं सोंग घेतलेली, डोक्यावर दोन तारा डुलतायत. माझं जॅकेट तिच्या मागे भिंतीवर टांगलेलं होतं आणि त्यावर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तुमचं नाव लिहिलेलं होतं. तिनं पासपोर्ट हातात घेतला आणि खात्रीसाठी पूर्ण नाव सांगायला लावलं. मी सांगितलं. ती वळून आतल्या लोकांना ओरडली, 'काख्रू आला!' आणि आतून पुन्हा तेच 'आलाफ'.

तिनं विचारलं, या नावाचा अर्थ काय? मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. आजीची तीन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून चौथं जन्मल्याबरोबर तिनं ते उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या तुळजाबाईनं उचललं आणि आजीनं मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं. मृत्यूनं त्याच्याकडे बघू नये म्हणून नाव ठेवलं कचरू. पुढे दीक्षा घेतली तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी पोरांची नावं बदलली. आजोबा तुमचंही बदलायला निघाले होते, पण आजी दारात आडवी उभी राहिली. 'ह्या नावानं माझं लेकरू राखलंय, ते मी टाकायची न्हाई.' मी हे सांगत असताना त्या बाईनं तीन टेबलांची बिअर भरली, कोणाशी तरी हुज्जत घातली आणि शेवटी 'छान, छान' म्हणून जॅकेट माझ्या हातात कोंबलं. तिला त्यातलं काही कळलं नसणार. पुण्यात मी ही गोष्ट आजवर एकाही माणसाला सांगू शकलो नव्हतो. सांगितली ती तिथं, ऐकायलाही वेळ नसलेल्या परक्या बाईला.

आता सगळं निस्तरलं, असं मला गाडीत वाटत होतं. मंगळवारी जेवायच्या सुट्टीत अनिरुद्धनं सगळ्या टेबलाला कोलोनची गंमत सांगितली. पेशव्यांवर बिअर, मार्चची खोली, आणि शेवटी कचरू. लोक पोट धरून हसले. पासपोर्ट माझ्या खिशात होता आणि मी गप्प बसलो. बुधवारी गप्प बसलो. आठवडाभर तो मला गमतीनं 'काय कचरूशेठ' म्हणत होता. माझ्याबद्दल काही कळलं म्हणून नव्हे, आता ती आमची घरगुती थट्टा झाली होती. मी त्याला 'ओ' देत होतो. तुमच्या नावाला मी 'ओ' दिली ती अशी, चेष्टा म्हणून.

काल रविवारी फोन केला तेव्हा तुम्ही घरी नव्हता. आई आवाज लहान करून म्हणाली, 'हे वाचनालयात गेलेत म्हणून सांगते, मी बोलले असं म्हणू नकोस. नाव बदलायचे कागद केलेत त्यांनी वकिलाकडून. राजपत्रात द्यायचेत. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर बरं दिसेल म्हणतात.' मी विचारलं, काय नाव लावणार आहेत? आई म्हणाली, 'किशोर.' कंपनीत 'के म्हणजे काय' असं अनिरुद्धनं विचारलं तेव्हा मी किशोर म्हणून सांगितलं होतं. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तो आपल्या घरी आला होता. मी आत बॅग भरत होतो. बाहेरून त्याचा आवाज आला, 'नमस्कार, किशोरकाका.' मग तुम्ही म्हणालात, 'या, बसा. विश्वजीत आत आहे.' त्याला तुम्ही स्वतः चहा नेऊन दिलात. नंतर माझ्याशी त्याबद्दल एका शब्दानं बोलला नाहीत. आणि आता साठी उलटल्यावर, माझं खोटं खरं ठरावं म्हणून तुम्ही स्वतःच किशोर व्हायला निघालात.

आज सकाळी मी अनिरुद्धच्या खोलीत गेलो आणि पासपोर्ट त्याच्यापुढे उघडून ठेवला. म्हणालो, 'कचरू माझ्या वडिलांचं नाव आहे. आणि आम्ही तुमच्यातले नाही, बौद्ध आहोत.' तो आधी हसला, त्याला वाटलं ही पण थट्टाच. मग त्याचा चेहरा उतरला. 'आधी सांगायचं ना रे, आम्ही काय तसे आहोत का?' म्हणाला. संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा फार सभ्यपणे बोलला, जरा जास्तच सभ्यपणे. दीपालीला त्यानं सांगितलं असेलच. पुढे काय होईल ते होवो. मात्र बाबा, ते कागद देऊ नका. दिले असतील तर उद्याच जाऊन परत घ्या. मला क्षमा करा असं मी लिहिणार नाही, कारण तुम्ही लगेच करून मोकळे व्हाल आणि पुन्हा काही विचारणार नाही. या वेळी विचारा. जून महिन्यात मी येईन तेव्हा समोर बसवून विचारा. आणि यापुढे कोणी किशोरकाका म्हणून हाक मारली, तर 'ओ' देऊ नका. मी मारली तरी देऊ नका.

तुमचाच,
विश्वजीत कचरू भालेराव